सुपातला कळप

धनगरवस्ती, घाटनांदूरजवळ
दिवाळीचा पाडवा, २०१८

म्हाळसे,

आशीर्वाद वरच लिवून टाकते, खाली जागा उरंल का न्हाई ते ठावं न्हाई. तुहं पार्सल पोचलं. पोस्टमन बद्रीनाथ वस्तीवर आला आन सगळ्यांदेखत पिशवी खुळखुळ हालवून म्हनला, "चतुराबाई, नातीनं शिमल्याहून गोटे धाडले का काय?" म्या म्हनलं, "गोटे असतील तर पहिला तुलाच हानते. आन इकडं."

फोन करू नको. फोनवर तू 'आजी' म्हनतीस आन रडतीस, आन शेजारी बसलेला तुहा आजा इचारतो, "कोन हाय?" मग मला खोटं बोलावं लागतं. चिठ्ठीचं बरं हाय, ती तेला वाचता येत न्हाई. सोसायटीचा चेअरमन झाला तरी सहीपुरतंच शिकला. मी साक्षरतेच्या वर्गाला गेले तवा समद्या बाया हासल्या. आता त्याच बाया चिठ्ठ्या घेऊन माह्याच दारात येत्यात.

तुहं नाव घरात अजून निघत न्हाई. वस्तीवर मातर ती सभा अजून रंगवून सांगत्यात. साखराबाई सांगती, तू टेबलावर चढली व्हतीस. टेबल कुठलं तिथं, एक बाकडं व्हतं आन तेच्यावर तुहा आजा बसला व्हता. त्या साली पानी न्हाई, चारा न्हाई. मेंढपाळ सोसायटीत ठराव आला की समद्यांची मेंढरं एकदमच इकू, एकेकट्यानं इकली तर येपारी नाडतील. चेअरमन म्हनला, "माही मेंढरं मी इकनार न्हाई, आन माह्या सोसायटीत हा ठराव व्हनार न्हाई." कुनाची छाती झाली न्हाई बोलायची. तू सुट्टीला आलेली नर्सबाई मागून उठलीस आन म्हनलीस, "आजोबा, तुमच्यामुळं सगळ्यांची मेंढरं तहानेनं मरतील. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा." समदे हात वर. तुह्या बापाचाबी. मुंजाजीनं बापाकडं पाह्यलंबी न्हाई.

तू बरुबर बोललीस, हे म्या तवाबी म्हनलं, आताबी म्हनते. शेजारच्या वस्तीनं मेंढरं ठेवली, ती वैशाखात मातीला गेली. पन तुहा आजा टरकापाशी हुभा राहून एकेक मेंढी नाव घेऊन वर चढवत व्हता, ते तू पाह्यलं न्हाईस. तू सकाळच्या येष्टीनं गेलतीस.

आता तेचं डोकं. तू बापाला इचारलंस म्हनं. खरं हाय. मुंजाजीला आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारतो. संध्याकाळी काठी घेऊन निघतो, इचारलं तर म्हनतो, "मेंढरं वळवून आनतो." कुठली मेंढरं.

तुह्या चिठ्ठीत लिवलंस की अक्रोडात चांगली चरबी असती, जवसात असती त्याच जातीची, ती काळजाच्या आन डोक्याच्या नसांना बरी. रोज मूठभर. आन खाली लिवलंस, "आजी, गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकायला मदत होते, एवढंच." हे शेवटचं मला लई आवडलं. बाजारात माल इकनारा असं कधी बोलत न्हाई.

एक फोडून पाह्यलं. आत बोकडाचा भेजा, वाळवलेला. चव आधी लाकडाची, मग तुपाची, मग साल कडू. पन खाल्ल्यावर दुपारपर्यंत भूक न्हाई लागली. भाकरीलाबी हे जमत न्हाई.

अक्रोड कुनी धाडले ते तेला सांगितलं न्हाई. सुपात वतून तेच्यापुढं ठेवले आन म्हनलं, खा.

चतुराबाई


मार्गशीर्ष, २०१८

म्हाळसे,

चूक झाली. तुही न्हाई, माही. टरफलासकट तेच्यापुढं ठेवायचेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाहते तर एकबी फोडलेलं न्हाई. सूप मांडीवर घेऊन बसला व्हता. एकेक अक्रोड उचलायचा, उजेडाकडं फिरवायचा, अंगठ्यानं शिवण चाचपायचा आन परत ठेवायचा. म्या म्हनलं, "दात गेले का? फोडून देऊ?"

म्हनला, "ही काळतोंडी हाय."

"कोन?"

"ही. आन ही नाकाडी. ही पोटुशी, हिला सांभाळून धर. ह्या फाटकीला कुत्र्यानं धरलं असंल."

म्या पाह्यलं तर खरंच, एकाच्या टोकावर काळा डाग, दुसऱ्याचं नाक लांब, तिसरं पोटाला फुगलेलं, एकाची शिवण उसवलेली. मला आधी समदे सारखेच दिसलते. तुला सांगते, मला मेंढराचीबी तोंडं कधी वळखू आली न्हाईत. लगीन होऊन आले तवा हा मानूस एवढ्या मोठ्या कळपात कोकरू हातात घेऊन तेची माय शोधायचा, आन मायबी अशी सापडायची जशी नाव पुकारल्यावर पोरगी वर्गात हुभी राहती. तेवढ्यासाठीच म्या हा नवरा सोसला. बाकी तेच्यात सोसन्यासारखं काई नव्हतं.

तर आता घरात कळप आलाय. दुपारी सूप निंबाखाली, संध्याकाळी चुलीपाशी. संध्याकाळी काठी घेऊन बाहेर निघत न्हाई. सूप मांडीवर घेतो, वळवतो, म्हनतो, "आली समदी." मुंजाजीला आता शोधाया पळावं लागत न्हाई.

हे झालं चांगलं. पन खाईना. एक फोडाया घेतलं तर हात धरला माहा. "कळपातलं कुनी रोज खातं का? येडी झालीस का?" तेचंबी खरंच हाय. मेंढरं पाळनाऱ्याच्या घरी मेंढरू कधी कापत्यात? देवाला, न्हाईतर पाहुना आल्यावर.

म्या एक गुपचूप काढून खाल्लं. चहा पिऊन व्हतो न व्हतो तोच सूप घेऊन माह्यापुढं हुभा. "भुरी कुठंय?" म्या म्हनलं, "मला काय ठावं?" म्हनला, "लांडगा घरातलाच दिसतो." आन दिवसभर माह्याशी बोलला न्हाई. सकाळी काय खाल्लं ते इसरतो, पन भुरी न्हाई इसरला. ह्याला येडा म्हनावं का हुशार, तूच सांग, तू शिकलेली.

तवा सोललेली धाड. ज्याला तोंड न्हाई त्याचं नाव ठेवता येत न्हाई.

चतुराबाई


संक्रांतीनंतर, २०१९

म्हाळसे,

सोललेली पोचली. बरणीत झाकून ठेवलीत, उंदरं आन साखराबाई दोन्हींपासून.

रात्री भिजवते, सकाळी सालीचं कडूपण जातं. मग जवस भाजून, लसूण, मिरची, मीठ आन अक्रोड, समदं पाट्यावर. चटणी अशी व्हती की भाकरीला तेल लावाया नको. म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी बोट चाटलं आन म्हनला, "जवस कुठनं आनलं?" म्या म्हनलं, "गेवराईकडचं हाय." माहं खोटं पचलं. आता रोज मागतो. कळप सुपात, चटणी पोटात, कुनाचं कुनाला ठावं न्हाई.

मीबी खाते. माहं डोकं ठीकच व्हतं, आता लोकांना जरा तरास व्हायलाय. परवा साखराबाईला तिनं माह्याकडनं नेलेली पराती, चाळणी आन पोळपाट, कवा नेलं त्या सणासकट सांगितलं. ती म्हनली, "काय खायलीस गं?" म्या म्हनलं, "तुही चुगली." पन खरं सांगते, पोट साफ राहतं, आन गुडघे दुखले तरी तोंडाला दम लागत न्हाई. लहानशा लाकडाच्या गोळीत देवानं किती भरलंय. वर कुलूपबी तेनंच घातलंय. आपल्या भागात हे झाड असतं तर आपन सरपनाला तोडलं असतं.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तेला नेलता. डाक्टरीण तरणी, तुह्याच वयाची. पुतळीसारखी बसून नीट ऐकनारी. तिनं इचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"मला वार कशाला? बाजाराच्या दिवशी लोक बाजाराला जात्यात, तेवढं दिसतं."

"या कागदावर घड्याळ काढून दाखवता?"

"तुमच्या भिंतीवर हाय की. म्या कावून काढू?"

ती हासली, मीबी हासले. मग तेनं पेन धरला. वाटोळं बरं काढलं. आकडे समदे एकाच बाजूला गर्दी करून बसवले, मेंढरं एका झाडाच्या सावलीला बसावीत तसे. काटे काढलेच न्हाईत. मग कुनी हासलं न्हाई.

डाक्टरीण म्हनली, डोकं हळूहळू सुकतंय. गोळ्या दिल्या. अक्रोडाचं इचारलं तर तुह्यासारखंच बोलली, "चांगलाच आहे, रोज द्या, पण औषध समजू नका." म्या तिला सुपाची गोष्ट सांगितली. तिनं पेन खाली ठेवला. म्हनली, "आजी, तो कळप मोडू देऊ नका." एवढं म्हननारा डाक्टर पहिल्यांदा पाह्यला. मला वाटलं, अशीच आपली पोरगी शिमल्याला कुनाच्या तरी म्हाताऱ्यापाशी पेन खाली ठेवत असंल.

तू एकदा ये, असं मी लिवनार व्हते. पन आली आन तेनं तोंड फिरवलं तर? आन त्याहून वाईट म्हंजे तेनं इचारलं, "ही कोन?" तर? तोंड फिरवलेलं तुला सोसंल. दुसरं सोसनार न्हाई. म्हून अजून लिवत न्हाई.

चतुराबाई


शिमगा, २०१९

म्हाळसे,

पानी पुन्हा गेलं. टँकर येतो, न आल्यासारखा येतो. आमी विहिरीत उतरून वाटीनं पानी भरतो. तुह्या आज्याची मेंढपाळ सोसायटी तर मोडलीच, आता तिथं दुधाची सोसायटी हाय, तीबी धापा टाकायली. तरी बरं, तू तवा मेंढरं इकाया लावलीस. ज्यांनी पैशातनं शेळ्या घेतल्या तेंचीच लेकरं दूध पेयलीत.

आता एक गंमत ऐक. शहादेव, दुधाच्या सोसायटीचा सेक्रेटरी, जीभ लांब आन अक्कल आखूड, तो निंबाखाली येऊन बसला. चारचौघं व्हती. म्हनला, "चेअरमन, लोक म्हनत्यात तुमी अक्रोड वळखता. मी म्हनतो म्हातारा फेकतोय."

तुह्या आज्यानं सूप जवळ वढलं.

शहादेवनं खिशातनं दुकानातनं आनलेले अक्रोड काढले आन सुपात मिसळून दिले. चांगलं घुसळलं. समदी वस्ती गोळा झाली. मुंजाजी मला म्हनला, "आई, आप्पांची इज्जत जाईल, सूप उचल." म्या म्हनलं, "गप. इज्जत गेली तर म्हाताऱ्याची जाईल, तुही कावून पातळ व्हायली?" पन म्हाळसे, सकाळी तेनं सदरा उलटा घातलता.

तेनं एकेक उचललं. उजेडाकडं फिरवलं न्हाई, नुसता अंगठा फिरवला. आपली डावीकडं, परकी उजवीकडं. परकी शहादेवकडं सरकवून म्हनला, "ही तुही. घिऊन जा, कुपोषित हायती."

लोक हासले. शहादेवबी हासला, उठाया लागला. तवा म्हातारा म्हनला, "थांब. नाकाडी कुठंय?"

शहादेव म्हनला, "कोन नाकाडी?"

"खिशात हात घाल, बे."

खिशातनंच निघाली. घुसळताना तेनं म्हाताऱ्याच्या कळपातलं एक काढून ठेवलतं, परीक्षा म्हून. अशी टाळी पडली की टँकरवाला वळून पाहाया लागला. शहादेवनं वाकून पायाला हात लावला. तेला मी तेवढ्यासाठी माफ केलं.

पन मी हे त्यासाठी लिवत न्हाई. लोक पांगले तवा मला सुपात एक अक्रोड तांबडा दिसला. गेरूनं पट्टा वढलेला. तुला ठावं हाय, मेंढरावर पट्टा कवा वढत्यात, कापायचं ठरल्यावर. साखराबाईनं इचारलं, "हे देवाचं सोडलंय का, आप्पा?"

"न्हाई. पाहुनीचं हाय."

"कंची पाहुनी?"

"येईल ती."

नाव घेतलं न्हाई. मी रात्रभर इचार केला. नाव इसरला, का नाव घेत न्हाई? तीन वर्सं तुहं नाव ह्या घरात न्हाई, तवा दोन्हीतलं काय ते वळखायचं कसं? इचारलं तर उत्तर मिळंल, आन मला उत्तराचं भ्या वाटतं. माह्या जल्मात मला पहिल्यांदाच कशाचं भ्या वाटतंय, तर ते अक्रोडाचं.

तरीबी लिवते. ये. पट्टा वढलेलं जनावर लई दिवस बांधून ठेवत न्हाईत. ऊन लई हाय, डोक्याला रुमाल बांधून ये. दारात रडू नको.

चतुराबाई


वैशाख सरता, २०१९

म्हाळसे,

तू गेलीस त्याला काई दिवस झाले. शिमल्याला गार वाटत असंल. इथं कावळे झाडाखाली चालत फिरायलेत.

तू दारात आलीस तवा रडली न्हाईस, म्हून तुला शाबासकी. मी लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत चुलीला फुंकत बसलते, ते धुरामुळं. तू 'आजोबा' म्हनलीस. तेनं तुह्याकडं पाह्यलं न्हाई, सुपाकडं पाह्यलं. मला वाटलं, झालं. मग म्हनला, "चतुरे, वरवंटा दे."

चुलीपुढची फरशी पुसून घेतली, तेच पट्ट्याचं अक्रोड ठेवलं, एकच घाव घातला. तुला ठावं न्हाई, मी आजवर किती फोडले, माहे समदे चुरा व्हत्यात. तेचा गर अख्खा निघाला, दोन्ही पाकळ्या. तुह्या हातावर ठेवला आन म्हनला, "खा. लांबून आलीस." तू एक पाकळी तोडून तेच्यापुढं धरलीस. कळपातलं तो खात न्हाई, पन ते खाल्लं. चावत राह्यला बराच येळ. मग म्हनला, "जवसावानी लागतं." चटणीचं बिंग फुटता फुटता राह्यलं.

नाव मातर घेतलंच न्हाई. तू येष्टीत बसलीस तवाबी न्हाई. तुहं तोंड मी पाह्यलं. म्हून ही चिठ्ठी लिवायला बसले, न्हाईतर ह्या उन्हात पेन धरायचं माहं वय न्हाई.

तू गेल्यावर साखराबाई आली. दारातच म्हनली, "बरं झालं माय, म्हातारं समदं इसरलं. ती सभा, ती भांडणं. देवानं भलंच केलं."

आतनं आवाज आला, "कोन इसरलं?"

साखराबाईनं दाराची चौकट धरली.

"म्हाळसानं भर सभेत माह्या इरोधात हात वर करवले. माह्या पोरानंबी केला. काळतोंडीला टरकात चढवताना त्या मेंढीनं मागं वळून पाह्यलं. काई इसरलो न्हाई."

साखराबाईनं काढता पाय घेतला. मी चुलीपाशी बसून राह्यले. तुहं नाव तेनं घेतलं. तीन वर्सांनी, पन असं खणखणीत घेतलं, जसं कोकराच्या मायचं घ्यायचा.

म्या म्हनलं, "इसरला न्हाईत तर मग पाहुनचार कशाला केला?"

तेनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मीच येडी. "राग हाय म्हून पोरीला उपाशी धाडू? तिनं धाडलेलं तिलाच एक दिलं. तेवढं कळतं मला." मग सूप मांडीवर घेत म्हनला, "तू तिला चिठ्ठ्या लिवतीस ते ठावं हाय. लिव. म्हनावं, आजा काई इसरला न्हाई."

बघ. धा गावांत अशी धमकी कुनाला गोड लागली नसंल.

दुपारी तेनं मला 'कोन गं तू' म्हनून इचारलं, तेबी लिवते, न्हाईतर तुला वाटंल अक्रोडानं चमत्कार केला. चमत्कार न्हाई. तू आधीच लिवलतंस, हाय ते टिकतं. हाय त्यात तू हायेस.

सुपात एक जागा मोकळी पडलीय. तो तिच्यावर बोट फिरवत बसतो. म्हून आता सोललेली धाडलीस तरी चटणीपुरतीच धाड. बाकी टरफलासकट, आन जरा येगयेगळ्या तोंडाची बघून.

चतुराबाई